फोरेन्सिक इंजिनिअर्सच्या असोसिएशनमध्ये जायचंय? मला नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी सांगलीची, वालचंदला सिव्हिल केलं, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे आणि पडलेल्या, फुटलेल्या, गळणाऱ्या गोष्टी का पडल्या-फुटल्या-गळल्या ते शोधायचं काम करते. व्हॉट्सअ‍ॅपवर, मंडळाच्या गणपतीत, पोरांच्या वाढदिवसाला, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढतेय. पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ हेच पाठवणार, राग मानू नका.

ताई, फोरेन्सिक म्हणजे तुम्ही मुडदे तपासता का?

नाही हो. हा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला होता, त्यामुळे लाजू नका. फोरेन्सिक हा शब्द लॅटिनमधल्या फोरमवरून आलाय, म्हणजे रोमन लोकांचा चौक, जिथे खटले चालायचे. म्हणजे कोर्टात टिकेल असा तपास, एवढाच अर्थ. डॉक्टर मृतदेहाचा करतो, आम्ही छताचा, पुलाचा, नळाचा करतो.

उदाहरण देते. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटच्या टाकीला जी जाळीदार नळी येते ना, तिच्या टोकाला पांढरं प्लॅस्टिकचं नट असतं. जेमतेम अंगठ्याएवढं. ते फुटतं रात्री दोनला, घरचे गावाला गेलेले, तीन दिवस पाणी वाहतं, खालचं छत, लाकडी फ्लोअरिंग, किचनची कपाटं, सगळं गेलं. विमा कंपनी पैसे देते आणि मग विचारते की आता हे कोणाकडून वसूल करायचं, नट बनवणाऱ्याकडून का बसवणाऱ्या प्लंबरकडून. तर ते नट माझ्या टेबलावर पिशवीत येतं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं की चीर बहुतेक पहिल्या आट्याच्या मुळाशी सुरू झालेली दिसते, आणि तिथे खरी मजा सुरू होते, कारण पान्याने जास्त आवळलं तरी चीर तिथेच पडते आणि मुळात ती जागा डिझाइनमध्येच बारीक धारदार ठेवली असेल तरी तिथेच पडते. नुसतं "इथून तुटलं" सांगायला मला कोणी बोलावत नाही. का तुटलं आणि दुसरं कारण का नाही, हे सांगायचं असतं.

मग अशा लोकांची असोसिएशन कुठली?

एक नाही, बऱ्याच आहेत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

अमेरिकेत फक्त फोरेन्सिक इंजिनिअर्ससाठीची म्हणाल तर नॅशनल अकॅडमी ऑफ फोरेन्सिक इंजिनिअर्स, एनएएफई. १९८२ ला सुरू झाली, लायसन्सधारी इंजिनिअर्सची जी मोठी संघटना आहे, एनएसपीई, तिच्याशी जोडलेली. खाली "अकॅडमी" म्हटलं की हीच समजा.

सिव्हिलवाल्यांसाठी एएससीई, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स, आहेच, तिच्यात फोरेन्सिक इंजिनिअरिंग डिव्हिजन आहे. हेही १९८२ लाच टेक्निकल कौन्सिल म्हणून सुरू झालं, पुढे डिव्हिजन झालं. त्यांचं एक जर्नल १९८७ पासून निघतंय, बांधलेल्या गोष्टी प्रत्यक्षात कशा वागतात आणि का बिघडतात यावरच. मला विचाराल तर मेंबर व्हा नका होऊ, ते जर्नल वाचा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ फोरेन्सिक सायन्सेस ही वेगळी, १९४८ ची, त्यात पॅथॉलॉजिस्ट, दातांचे डॉक्टर, हस्ताक्षरवाले सगळे असतात आणि इंजिनिअरिंगचा एक सेक्शन असतो. नावात अकॅडमी दोघींच्याही आहे त्यामुळे लोक चुकीच्या ठिकाणी फॉर्म भरतात. माझ्या ओळखीच्या एकाने भरलाय.

आगीच्या तपासात असाल तर एनएएफआय, गाड्यांच्या अपघातात असाल तर अ‍ॅक्टार. ही मंडळी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, त्यांचा हिशोब वेगळा.

हे सगळं १९८२ लाच कसं काय निघालं?

नेमकं कोणाच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, पण त्याच्या आदल्याच वर्षी काय झालं ते सांगते, कारण या धंद्यातल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. १७ जुलै १९८१, मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल, लॉबीत नाचाचा कार्यक्रम, आणि वर टांगलेले दोन वॉकवे, दुसऱ्या मजल्याचा आणि चौथ्या मजल्याचा, एकावर एक खाली आले. ११४ माणसं गेली.

कारण ऐकाल तर झोप उडेल. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच लांब सळई होती, ती चौथ्या मजल्याच्या वॉकवेतून आरपार जाऊन खालचा दुसऱ्या मजल्याचा वॉकवेही धरणार होती. बनवताना ती लांब सळई त्रासाची म्हणून दोन तुकडे केले, वरचा तुकडा छतापासून चौथ्यापर्यंत आणि दुसरा चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर काहीच बदल वाटत नाही ना? पण आधी चौथ्याच्या बीमखालचं नट फक्त चौथ्याचं वजन घेत होतं, आता खालचा वॉकवेही त्याच बीमला लटकला, म्हणजे नटवरचं वजन दुप्पट. दोरीला दोन माणसं लटकलीत हे ठीक, पण दुसऱ्याने दोरी सोडून पहिल्याचे पाय धरले तर पहिल्याच्या हाताचं काय होईल, तसं. आणि वर कहर म्हणजे सरकारी तपासात निघालं की मूळ डिझाइनसुद्धा शहराच्या कोडला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होतं. तो बदल कोणी नीट तपासला नाही आणि जबाबदार इंजिनिअर्सची मिसूरीतली लायसन्स गेली.

म्हणून कोणी मला म्हणतं ना की असोसिएशन म्हणजे नुसतं जेवण आणि बॅज, तेव्हा मला हे नट आठवतं.

माझ्याकडे पीई नाही, चालेल का?

अकॅडमीच्या मुख्य मेंबरशिपसाठी नाही चालणार. पीई म्हणजे राज्याच्या बोर्डाचं लायसन्स, ते पहिली पायरी आहे, आणि पीएचडी, २० वर्षांचा अनुभव, मोठ्या कंपनीतली पोस्ट, काहीही त्याच्या बदली चालत नाही. विद्यार्थी आणि नवीन लोकांसाठी खालच्या पायऱ्या असतात, त्यातून सेमिनारला जाता येतं, ओळखी होतात, पण ते "मी मेंबर आहे" म्हणून रिपोर्टखाली लिहायचं नसतं.

आपल्याकडच्या लोकांना हे पचायला जड जातं कारण भारतात डिग्री मिळाली की आपण इंजिनिअर, विषय संपला. इथे टेक्सासमध्ये लायसन्स नसताना लोकांना इंजिनिअर म्हणून सेवा देणं कायद्यात बसत नाही.

भारतातली डिग्री आहे, पीई मिळतं का?

मिळतं, मलाच मिळालंय, पण वेळ धरून चला. आधी एफई, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मूलभूत विषयांची परीक्षा, ११० प्रश्न, सेंटरवर सहा तासांची अपॉइंटमेंट. मग साधारण चार वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो कुठल्यातरी पीईच्या हाताखाली, आणि मग पीई परीक्षा. सिव्हिलची आता कॉम्प्युटरवर असते, ८० प्रश्न, नऊ तासांची अपॉइंटमेंट, आणि स्ट्रक्चरल, जिओटेक, ट्रान्सपोर्टेशन, वॉटर, कन्स्ट्रक्शन यातलं एक निवडायचं. पूर्वी लोक पुस्तकांची ट्रॉली ओढत यायचे, ते बंद झालं.

आणि डिग्रीचं मूल्यांकन. भारताचं एनबीए, म्हणजे कोर्सना मान्यता देणारं बोर्ड, २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे देशांनी एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या करारात, आहे म्हणून लोकांना वाटतं की आता काही लागत नाही. पण तुमचा कोर्स तेव्हा एनबीएचा होता का, तुमचं बोर्ड ते मानतं का, हे राज्याराज्यात वेगळं असतं. बहुतेकांना एनसीईईएसकडून, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, मूल्यांकन करून घ्यावंच लागतं, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट थेट युनिव्हर्सिटीकडून यायला लागतात. त्या ट्रान्सक्रिप्टसाठी माझ्या बाबांनी तीन चकरा मारल्या, दुसऱ्या चकरेला "साहेब जेवायला गेलेत" आणि तिसऱ्या चकरेला पाकिटावर शिक्का मारायचा राहिला. तेव्हा हे काम आधी सुरू करा, परीक्षेचा अभ्यास नंतर.

आणखी एक, इथलं एमएस केलंय म्हणून बीईचा प्रश्न सुटला असं समजू नका. बोर्डं बहुतेक वेळा बॅचलर्सच बघतात.

अर्जात नक्की काय बघतात?

तीन गोष्टी म्हणा. लायसन्स. फोरेन्सिकचं प्रत्यक्ष काम, म्हणजे तपास, रिपोर्ट, आणि साक्ष. आणि तुमच्या कामाबद्दल सांगणारी माणसं, तीही नुसते इंजिनिअर नाही तर ज्यांनी तुमचं काम वापरलंय असे वकील, क्लेम मॅनेजर वगैरे.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. इतर ठिकाणी रेफरन्स म्हणजे जुना बॉस, "मेहनती आहे, टीममध्ये चांगलं काम करते" वगैरे. इथे विचारणा वेगळी आहे, तुमचा रिपोर्ट हातात घेऊन जो माणूस कोर्टात उभा राहिला तो तुमच्याबद्दल काय म्हणतो. तिथे गोड बोलून भागत नाही.

याशिवाय तुमच्या शाखेची जी मुख्य संस्था असेल, एएससीई, एएसएमई, आयईईई, तिची मेंबरशिप चालू ठेवा. लोक वर्गणी वाचवायला बंद करतात आणि नेमकी अर्जाच्या वेळी आठवण होते. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचे नियम त्यांच्याकडूनच वाचा, माझ्या मेसेजवर जाऊ नका.

वकिलाला रेफरन्स कसा मागायचा? मला फार अवघडल्यासारखं होतं.

मलाही झालं होतं. आपल्याला कोणाकडे स्वतःसाठी मागायची सवयच नसते. मी काय केलं, केस पूर्ण संपेपर्यंत थांबले, सेटलमेंट होऊन, माझ्या बिलाचे पैसे येऊन, सगळं झाल्यावर दोन ओळींचा मेल टाकला. केस चालू असताना चुकूनही मागू नका, कारण समोरचा वकील उद्या विचारेल, "म्हणजे तुम्ही यांच्याकडे फेवर मागितला होता तर?"

आणि ज्या वकिलाला तुम्ही एकदा नाही म्हणालात ना, त्याच्याकडे आधी जा. खरंच सांगते. एका घराच्या छताच्या केसमध्ये ज्यांनी मला बोलावलं त्यांना हवं होतं की गारांनीच छत खराब झालं असं मी लिहावं. मी शिडी लावून वर गेले, दर उतारावर १० फूट बाय १० फुटांचा चौकोन खडूने आखला, टेस्ट स्क्वेअर म्हणतात त्याला, आणि एकेक डाग हाताने चाचपला. गारेचा मार बसला की शिंगल, म्हणजे छतावरची डांबरी पट्टी, तिथे खाली मऊ लागतो, पिकलेल्या केळ्यावर डाग असतो तसा, आणि वरची खडी आत दबलेली असते. इथे उलट होतं, फुगे येऊन फुटलेले होते, कडा वर आलेल्या, उतार कुठल्याही दिशेचा असो डाग सारखेच, आणि पत्र्याच्या व्हेंटवर, गटरवर एक पोचा नाही. गारा काय शिंगल बघून पडतात? मी वकिलाला फोन करून सांगितलं की हा माल जुना झालाय, गारांचं मला काही दिसत नाही, रिपोर्ट लिहिला तर असाच लिहीन. ते खूश नव्हते. पण दोन वर्षांनी माझं पत्र सगळ्यात चांगलं त्यांनीच लिहिलं.

मी अजून कधी कोर्टात उभीच राहिले नाहीये, मग?

घाबरू नका, बहुतेक केस कोर्टापर्यंत जातच नाहीत. डिपॉझिशन होतं, म्हणजे एखाद्या ऑफिसात टेबलाभोवती बसून, शपथ घेऊन, समोरचा वकील चार-पाच-सात तास प्रश्न विचारतो आणि सगळं टाईप होत असतं. ती साक्षच असते.

माझ्या पहिल्या डिपॉझिशनला मी आपल्या सवयीप्रमाणे मान हलवत होते, ती आपली हो-नाही-बघू अशी सगळीकडे फिरणारी मान. टाईप करणाऱ्या बाईंनी मला तीनदा थांबवलं, "मॅडम, तोंडाने उत्तर द्या". चौथ्यांदा समोरचा वकीलच हसायला लागला. तर आरशासमोर मान न हलवता बोलायची प्रॅक्टिस करा, हा माझा सगळ्यात प्रामाणिक सल्ला.

सीनियरबरोबर साइटला जा, रिपोर्टचे ड्राफ्ट लिहा, सही त्यांची असली तरी चालेल. एएसटीएमची, म्हणजे चाचण्यांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेची, दोन स्टँडर्ड्स आत्ताच वाचून ठेवा, ई ८६० आणि ई ११८८, पुरावा कसा जपायचा आणि कसा तपासायचा यावर. नवीन माणूस सगळ्यात मोठी चूक इथेच करतो, ते प्लॅस्टिकचं नट उत्साहाच्या भरात कापून बघतो. कापलं की संपलं, समोरच्या पार्टीला न कळवता पुरावा बदलला, आता तुमचं मत कितीही बरोबर असो.

मेंबर झाले की कामं येतील ना?

नाही.

बरं, थोडं सविस्तर सांगते. संस्थेच्या यादीत नाव येतं, एखादा फोन येऊ शकतो. पण कोर्ट तुमचा बॅज बघत नाही, पद्धत बघतं. १९९३ मध्ये डॉबर्टच्या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तज्ज्ञाचं म्हणणं ज्युरीपुढे जाण्याआधी ते भरवशाचं आहे का हे न्यायाधीशाने तपासायचं. इंजिनिअर लोक म्हणाले, ते सायंटिस्टना, आम्हाला नाही, आमचं अनुभवाचं काम. मग १९९९ मध्ये कुम्हो टायरची केस आली. फुटलेल्या टायरचा तज्ज्ञ, चांगला शिकलेला, टायर कंपनीत काम केलेला माणूस, त्याने टायर बघून आणि हाताळून सांगितलं की दोष होता. कोर्ट म्हणालं, हा नियम इंजिनिअरलाही लागू, आणि त्याची साक्ष बाहेर. आता डिसेंबर २०२३ पासून पुराव्याच्या नियम ७०२ मध्ये हे आणखी स्पष्ट केलंय, तज्ज्ञाचं मत भरवशाचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याला आणणाऱ्यावर.

मग मेंबरशिपचा उपयोग काय? मला झाला तो असा, की सेमिनारमध्ये माझ्यापेक्षा ३० वर्षं जुनी माणसं आपली केस मांडतात आणि बाकीचे उभे राहून त्यांना फाडून खातात. प्रेमाने, पण फाडतात. तिथे एकदा सोलवटून निघालात की वकिलाचं काही वाटत नाही. अकॅडमीचं स्वतःचं जर्नलही आहे, सहकाऱ्यांनी तपासलेलं, फुकट वाचता येतं. म्हणजे अर्धा फायदा तर मेंबर न होताच घेता येतो, हे त्यांना आवडणार नाही पण खरं आहे.

नावापुढे ती जास्तीची अक्षरं लावता येतात म्हणे?

हो, अकॅडमीचं बोर्ड सर्टिफिकेशन असतं, डिप्लोमेट म्हणतात, आणि त्या सर्टिफिकेशनला बाहेरच्या एका कौन्सिलची मान्यता आहे. हे महत्त्वाचं आहे कारण या धंद्यात पैसे भरा आणि तज्ज्ञ व्हा छाप सर्टिफिकेट विकणारेही आहेत, दोन तासांचा ऑनलाइन कोर्स आणि सोनेरी शिक्का. ओळखायची सोपी खूण म्हणजे, अर्ज कधी नाकारला जातो का? ज्या ठिकाणी कोणालाच नाही म्हणत नाहीत तिथलं सर्टिफिकेट भिंतीला बरं, सीव्हीला नाही.

एच-वनवर आहे, बाजूने एक्स्पर्ट विटनेसचं काम करू का?

मेंबर व्हायला व्हिसाचा काही संबंध नाही, बिनधास्त व्हा. पण ज्याने व्हिसा स्पॉन्सर केलाय त्याच्याशिवाय दुसऱ्याकडून पैसे घेऊन काम करता येत नाही, मग ते एका शनिवारचं असो. आणि विचार करा, तुम्ही शपथेवर बसलात आणि समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला की हे काम करायची तुम्हाला परवानगी आहे का. कंपनीतर्फेच करा.

ही मेंबरशिप ईबी-वन ग्रीन कार्डसाठी दाखवता येईल का?

वाटच बघत होते हा प्रश्न कधी येतो. त्यात दहा निकषांपैकी एक आहे खरा, अशा संस्थांचं सदस्यत्व जिथे असामान्य कामगिरी बघून, नामांकित तज्ज्ञांनी निवडून सदस्य करतात. वर्गणी भरली आणि मेंबर झालो यात ते बसत नाही. फेलोसारख्या वरच्या पायरीवर वाद घालता येतो, पण ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मी नळाच्या नटांची तज्ज्ञ आहे. आणि फक्त त्यासाठी येत असाल तर सेमिनारला दुसऱ्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी दिसते, सगळ्यांना कळतं.

मी पुण्या-मुंबईत आहे, माझ्यासाठी काय?

भारतात लायसन्सधारी पीई ही भानगडच नाही, त्यामुळे अकॅडमीसारखी रचना तशीच्या तशी नाही. पण फोरेन्सिकचं काम मात्र गच्च भरलेलं आहे, फक्त त्याला ते नाव नाही.

मुंबईचंच घ्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या ३५३ ब खाली करावं लागतं. मालक एक ऑडिटर आणतो, तो म्हणतो सी-वन, म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडा. भाडेकरू दुसरा आणतात, तो म्हणतो सी-टू-बी, राहता राहता दुरुस्त होईल. इमारत तीच, कॉलम तेच, काँक्रीटवर हॅमर मारून घेतलेले ताकदीचे आकडेही जवळजवळ तेच. मग प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आता सांगा, हे फोरेन्सिक नाही तर काय आहे? फरक एवढाच की दोघा ऑडिटरना सात तास टेबलाशी बसवून कोणी विचारत नाही की कोअर, म्हणजे तपासायला कापलेला काँक्रीटचा तुकडा, कुठून काढला, किती काढले आणि तिथूनच का काढले.

कोर्टात तज्ज्ञाचं मत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली यायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आहे. कोणत्या संस्थेचे मेंबर आहात हे कलम विचारत नाही, त्या विषयात विशेष जाण आहे का ते विचारतं.

तर जायचं कुठे? इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची चार्टर्ड इंजिनिअरची पायरी सरकारी कामात आणि बँकेत ओळखीची आहे. स्ट्रक्चरलवाल्यांसाठी मुंबईत इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स आहे. विम्याच्या नुकसानीच्या बाजूला जायचं तर सर्व्हेअर आणि लॉस असेसरचा रस्ता, आयआरडीएआयचं, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं लायसन्स, त्याआधी अनुभवी सर्व्हेअरकडे बारा महिन्यांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, आणि या लोकांची वेगळी इन्स्टिट्यूट आहे, हैदराबादला. फायर, इंजिनिअरिंग, मोटर असे विभाग असतात. माझा वालचंदचा एक मित्र यात आहे, जळालेल्या सूतगिरण्या बघतो, आणि आम्ही फोनवर बोलायला लागलो की दोघांचं काम ९० टक्के एकच निघतं. तो म्हणतो, "तू छतावर चढतेस, मी राखेत उतरतो."

आणि एएससीई भारतात बसूनही घेता येते, भारतात त्यांचं सेक्शन आहे, विद्यार्थ्यांना तर फुकट. कॉलेजात असाल तर आजच घ्या.

विमा कंपन्यांचं काम घेता म्हणजे त्यांच्याच बाजूने लिहिता ना?

हा प्रश्न मला शपथेवरही विचारलाय त्यामुळे उत्तर पाठ आहे. तासाचे पैसे मिळतात, उत्तराचे नाही. निकाल आमच्या बाजूने लागला तर टक्केवारी, असली बोलणी इथे करायचीच नसतात, तो सरळ नैतिकतेचा भंग आहे, आणि असोसिएशनमध्ये राहायचं तर हे पाळावंच लागतं. कोणी अशी ऑफर दिली तर नाही म्हणा आणि तो मेल जपून ठेवा.

बाकी मोह होत नाही असं नाही. तेच तेच क्लायंट, तेच काम, हळूहळू नजर एका बाजूला झुकते आणि आपल्याला कळतही नाही. मी वर्षातून काही केस मुद्दाम घरमालकांच्या बाजूच्या घेते.

वर्गणी कोणाच्या खिशातून?

कंपनीला विचारा, बऱ्याच कंपन्या भरतात, पण मार्चमध्ये नको, बजेट ठरायच्या आधी विचारा. स्वतः भरत असाल तर दोन संस्था पुरे. मी एकेकाळी पाच ठिकाणी होते आणि तीन ठिकाणचे मेल न उघडता डिलीट करत होते.

मेंबरशिप सोडली किंवा नूतनीकरण राहिलं तर काही होतं का?

संस्था काही करत नाही, नाव यादीतून जातं, बस. पण तुमचा सीव्ही मात्र गप्प बसत नाही. एका डिपॉझिशनला समोरच्या वकिलाने माझा सीव्ही पुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं, अमुक संस्थेची सदस्य. विचारलं, आज आहात? मला खरंच आठवेना. त्याने कागद काढला, दोन वर्षांपूर्वी संपलेली. पुढची वीस मिनिटं केस छताची नव्हतीच, मी शपथेवर आणखी काय काय "सहज" लिहिलंय याची होती. तेव्हापासून दर १ जानेवारीला चहा घेऊन बसते आणि सीव्हीतली एकेक ओळ तपासते, संस्था, तारखा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि जिथे आता नाहीये तिथे तसं स्पष्ट लिहिते.